तेरा वर्षांचा मुलगा आणि ‘शतकातील डाव’

असमान बळाच्या खेळाडूंमधील स्पर्धात्मक डाव हा बुद्धिबळातील नित्याचा प्रकार आहे. खुल्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीत ग्रॅण्डमास्टरसमोर शाळकरी खेळाडू बसतो आणि बहुतेक वेळा अपेक्षित तोच निकाल लागतो. असे डाव कोणी जपून ठेवत नाही. मात्र क्वचित कधी दुर्बळ मानला गेलेला खेळाडू बलवान खेळाडूला हरवतो, आणि तो विजय चुकून मिळालेला नसून अस्सल खेळातून आलेला असतो. अशा डावांमध्ये अग्रस्थान द्यावे लागेल ते १७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड बर्न आणि रॉबर्ट जेम्स (बॉबी) फिशर यांच्यात झालेल्या डावाला. हान्स क्मोख यांनी ‘चेस रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकात त्याला ‘शतकातील डाव’ असे नाव दिले. त्या वेळी शतक संपायला चव्वेचाळीस वर्षे बाकी होती. तरीही ते नाव टिकले.

दोन खेळाडू, दोन पायऱ्या

हा डाव तिसऱ्या रोझेनवाल्ड स्मृती स्पर्धेत मार्शल चेस क्लबमध्ये खेळला गेला. बारा निमंत्रित खेळाडूंची ही साखळी स्पर्धा होती. प्रत्येकाने प्रत्येकाशी एक, असे अकरा डाव प्रत्येकाच्या वाट्याला येत होते. अमेरिकेतील त्या काळचे सर्वांत बलाढ्य खेळाडू सॅम्युएल रेशेव्हस्की या स्पर्धेचे विजेते ठरले.

पांढरी मोहरी घेऊन बसलेले डोनाल्ड बर्न तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. १९५३ साली त्यांनी अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली होती आणि देशातील आघाडीच्या खेळाडूंमध्ये त्यांची गणना होत असे. त्यांचे बंधू रॉबर्ट बर्न हे पुढे ग्रॅण्डमास्टर झाले. डोनाल्ड यांना १९६२ साली आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब मिळाला.

काळ्या मोहऱ्यांमागे बसलेल्या फिशरचा जन्म ९ मार्च १९४३ चा. म्हणजे वय तेरा वर्षे सात महिने. जुलै १९५६ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्याने अमेरिकेचे कनिष्ठ गटाचे विजेतेपद मिळवले होते आणि त्या बळावरच त्याला या स्पर्धेचे निमंत्रण मिळाले. त्याच वर्षी मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन महासंघाच्या गुणांकन यादीत त्याचे गुण १७२६ होते. यादीत अग्रभागी असलेल्या रेशेव्हस्कींचे गुण होते २६६३. दोहोंतील अंतर नऊशेहून अधिक होते. कागदावर पाहिले तर या मुलाने या बारा जणांत बसण्याचे काही कारणच नव्हते.

अर्थात कागद मागे पडला होता. यादी निघेपर्यंत आणि स्पर्धा सुरू होईपर्यंतच्या पाच महिन्यांत फिशरने कनिष्ठ गटाचे विजेतेपद मिळवले होते आणि ओक्लाहोमा सिटी येथील अमेरिकन खुल्या स्पर्धेत बारापैकी साडेआठ गुण मिळवले होते. वाढत्या वयातील खेळाडूचे गुणांकन हे नेहमी त्याच्या कालच्या बळाचे मोजमाप असते. आजही खुल्या स्पर्धांमध्ये अनुभवी खेळाडू कमी गुणांच्या प्रौढाला जितके घाबरत नाहीत तितके कमी गुणांच्या बारा वर्षांच्या मुलाला घाबरतात, त्याचे कारण हेच.

पहिल्या दहा चाली

बर्न यांनी राजाच्या बाजूचा घोडा एफ३ वर आणून सुरुवात केली आणि थोड्याच चालींत डावाला ग्रुनफेल्ड बचावाचे रूप आले. या बचावात काळा खेळाडू पटाचा मध्य सुरुवातीला प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन करतो आणि नंतर त्यावर दुरून मारा करतो. बर्न यांची डी४ व ई४ ही प्यादी मध्यावर भक्कम उभी होती. फिशरने सातव्या घरात कोपऱ्याजवळ उंट ठेवून, किल्लेकोट करून राजा सुरक्षित केला होता.

दिसायला स्थिती पांढऱ्याला अनुकूल होती, पण तिच्यात दोन उणिवा दडल्या होत्या. एक म्हणजे पांढरा वजीर फार लवकर बाहेर पडून सी५ या घरावर येऊन बसला होता. दुसरी म्हणजे पांढरा राजा अजून मूळच्या ई१ या घरातच होता. दहाव्या चालीला फिशरने उंट जी४ वर आणला. येथे पांढऱ्याने उरलेला उंट ई२ वर आणून किल्लेकोटाची तयारी करणे शहाणपणाचे होते. त्याऐवजी बर्न यांनी एकदा हललेलाच उंट पुन्हा हलवून जी५ वर नेला. ही अकरावी चाल. घोडचूक म्हणावी अशी ती नाही, परंतु तिने एक चाल वाया गेली आणि राजा मध्यावरच राहिला. बलवान खेळाडू दुर्बळाविरुद्ध अशा चाली अनेकदा खेळतात, आणि बहुतेक वेळा त्या पचूनही जातात.

पटाच्या कडेचा घोडा

फिशरचे उत्तर होते घोडा ए४. घोडा पटाच्या कडेला ठेवू नये, हा धडा प्रत्येक नवशिक्याला पहिल्या महिन्यातच दिला जातो. येथे तर घोडा कडेला ठेवला होताच, शिवाय तो सरळसरळ मारूही दिला होता.

या चालीचा अर्थ समजून घेण्यासाठी सी३ वरील पांढऱ्या घोड्याकडे पाहावे लागते. ई४ या मध्यवर्ती प्याद्याला आधार होता तो या घोड्याचाच. त्याने ए४ वरील घोडा मारला की तो आधार सुटतो आणि काळ्याचा दुसरा घोडा ई४ चे प्यादे मारून एकाच वेळी सी५ वरील वजीर व जी५ वरील उंट या दोहोंवर चालून जातो. त्यानंतर पांढऱ्याने कोणतीही वाट धरली तरी काळा मारलेला घोडा वसूल करतो आणि वर प्यादे किंवा चांगली स्थिती मिळवतो. मध्यावर अडकलेला राजा आणि बाहेर भटकणारा वजीर, या दोन्ही उणिवांवर एकाच चालीने बोट ठेवले होते.

बर्न यांनी हे ओळखले. त्यांनी घोडा मारला नाही, वजीर मागे ए३ वर नेला. फिशरने सी३ वर घोड्यांची मारामारी केली आणि मग ई४ चे प्यादे उचलले. बर्न यांच्या उंटाने ई७ चे प्यादे मारून काळा वजीर व हत्ती या दोहोंना धमकावले. फिशरने वजीर बी६ वर नेला आणि हत्ती तसाच सोडला. तो हत्ती मारला असता तर काळ्या उंटाने परतफेड करताना ए३ वरील पांढऱ्या वजिरावरच हल्ला केला असता. त्यामुळे बर्न यांनी मोह आवरला आणि आपला दुसरा उंट सी४ वर आणला. यापुढे एका चालीचा अवधी मिळाला असता, तर किल्लेकोट होऊन पांढरा सावरला असता.

वजिराचा बळी

तो अवधी मिळाला नाही. फिशरच्या घोड्याने सी३ चे प्यादे मारले. बर्न यांनी उंट सी५ वर आणून काळ्या वजिरावर हल्ला केला. फिशरने हत्ती ई८ वर आणून शह दिला आणि राजा एफ१ वर सरकला. किल्लेकोटाचा हक्क संपला.

येथे, सतराव्या चालीला, काळ्याचा वजीर आणि सी३ वरील घोडा हे दोन्ही माऱ्यात होते. घोडा बी५ वर नेला तर दोन्हींचा बचाव झाल्यासारखा दिसतो, परंतु मग पांढऱ्याने एफ७ चे प्यादे उंटाने मारून काळ्या राजावरच हल्ला चढवला असता आणि बाजी पलटली असती. फिशरने जी४ वरील उंट ई६ वर नेला आणि वजीर माऱ्यातच राहू दिला.

पांढऱ्याने ई६ वरील उंट मारला तर? काळा वजीर बी५ वरून शह देतो, राजा जी१ वर जातो, घोडा ई२ वरून शह देतो, राजा एफ१ वर परततो, घोडा जी३ वर जाऊन वजिराचा व स्वतःचा असा दुहेरी शह देतो. राजा पुन्हा जी१ वर जातो. मग वजीर एफ१ वर स्वतःचे बलिदान देऊन शह देतो, पांढऱ्या हत्तीला तो मारावाच लागतो आणि घोडा ई२ वर येऊन मात करतो. राजाभोवती त्याचेच सैन्य दाटीने उभे असते आणि त्या गर्दीतच त्याचा श्वास कोंडतो. पांढऱ्याने सी३ वरील घोडा वजिराने मारला, तर काळा वजीर सी५ वरील उंट मारतो. डी४ च्या प्याद्याने त्याची परतफेड केली की जी७ वरील उंटाची कर्णरेषा मोकळी होते आणि पांढरा वजीर गमवावा लागतो.

उरला एकच मार्ग, तो म्हणजे वजीर स्वीकारणे. बर्न यांनी तो घेतला. त्यानंतर फिशरने सलग पाच शह दिले. सी४ वरील पांढरा उंट मारून पहिला शह, ई२ वर घोडा नेऊन दुसरा, तेथून डी४ चे प्यादे मारत उंटाचा मार्ग मोकळा करून तिसरा, पुन्हा ई२ वरून चौथा, आणि घोडा सी३ वर आणून पाचवा. पांढरा राजा एफ१ व जी१ या दोन घरांत नुसता मागेपुढे होत राहिला. याच रचनेला बुद्धिबळाच्या परिभाषेत ‘पवनचक्की’ म्हणतात. शहांचा ओघ संपताच फिशरने बी६ वरील उंट प्याद्याने मारला आणि त्याच क्षणी ए८ वरील हत्तीची रेषा मोकळी होऊन पांढरा वजीर माऱ्यात आला. वजीर वाचवताना डी१ वरील हत्ती गेला.

पंचविसाव्या चालीअखेर हिशेब असा होता : फिशरने वजीर दिला होता आणि त्याच्या बदल्यात एक हत्ती, दोन उंट व एक प्यादे मिळवले होते. शिवाय पांढऱ्याचा दुसरा हत्ती स्वतःच्याच राजामुळे एच१ च्या कोपऱ्यात कोंडला गेला होता.

शेवट मातीपर्यंत

यानंतरचा खेळ नेटका आणि निष्ठुर आहे. काळ्याची मोहरी एकमेकांना आधार देत पुढे सरकत गेली. पांढरा वजीर एकटाच पटाच्या दुसऱ्या टोकाला हिंडत राहिला, कारण त्याच्या मदतीला एका घोड्याखेरीज कोणी नव्हते. पस्तिसाव्या चालीपासून फिशरने राजाला शहामागून शह देत जी१ वरून सी१ पर्यंत हाकलत नेले आणि एकेचाळिसाव्या चालीला हत्ती सी२ वर ठेवून मात केली.

मास्टर पातळीवर प्रत्यक्ष मात होणे दुर्मीळ असते. हार दिसताच खेळाडू डाव सोडून देतो, तोच शिष्टाचार समजला जातो. बर्न यांनी डाव सोडला नाही. त्यांनी मुलाला मात पुरी करू दिली, आणि म्हणूनच या डावाचा अखेरचा प्रसंग पटावर प्रत्यक्ष घडला, तो केवळ टिपणांत राहिला नाही. पराभूत खेळाडूच्या दिलदारपणाचा हा दाखला मानला जातो, आणि तो योग्यच आहे. आपल्या कारकीर्दीतील सर्वांत प्रसिद्ध डाव आपण हरलेला असावा, हे डोनाल्ड बर्न यांचे प्राक्तन होते. १९७६ साली त्यांचे निधन झाले.

गुणतक्ता काय सांगतो?

या डावाबद्दल फिशरला उत्कृष्ट डावाचे पारितोषिक मिळाले. मात्र स्पर्धेतील त्याची एकूण कामगिरी फारशी चमकदार नव्हती. अकरा डावांत त्याचे साडेचार गुण झाले. दोन विजय, पाच बरोबऱ्या आणि चार पराभव. तो तक्त्याच्या खालच्या अर्ध्या भागात राहिला. हा तपशील अनेकदा गाळला जातो, पण असमान बळाचे डाव समजून घ्यायचे तर तोच महत्त्वाचा. त्या महिन्यात फिशर त्या अकरा जणांपेक्षा सरस नव्हता. एका दिवशी, एका पटावर तो सरस ठरला. सातत्य त्यानंतर आले. १९५७-५८ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत तो वयाच्या चौदाव्या वर्षी विजेता झाला, १९५८ मध्ये ग्रॅण्डमास्टर झाला आणि १९७२ मध्ये रेक्याविक येथे बोरिस स्पास्कीला १२.५-८.५ असे हरवून जगज्जेता झाला.

गुणांतर आणि संभाव्यता

खेळाडूंच्या बळातील अंतर मोजण्याची आजची पद्धत अर्पाद एलो यांनी घालून दिली. हंगेरीत जन्मलेले एलो हे अमेरिकेतील मिलवॉकी येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची पद्धत अमेरिकन महासंघाने १९६० मध्ये व जागतिक महासंघाने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली. बर्न-फिशर डावाच्या वेळी ती नव्हती. तेव्हा अमेरिकेत केनेथ हार्कनेस यांची जुनी पद्धत चालू होती.

एलो पद्धतीचे मर्म असे, की दोन खेळाडूंच्या गुणांतील फरकावरून त्यांच्या डावाचा सरासरी निकाल वर्तवता येतो. फरक शून्य असेल तर दोघांची अपेक्षा निम्मी-निम्मी. १०० गुणांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूला शंभर डावांत सुमारे ६४ गुण मिळावेत, २०० गुणांचा असेल तर ७६, आणि ४०० गुणांचा असेल तर सुमारे ९१ ते ९२. यात विजयाचा एक व बरोबरीचा अर्धा गुण धरलेला असतो.

डाव संपल्यावर प्रत्यक्ष निकाल व अपेक्षा यांतील फरकाला एका गुणकाने गुणतात. फिडेच्या नियमांनुसार हा गुणक सर्वसाधारण खेळाडूंसाठी २०, एकदा २४०० गुण गाठलेल्यांसाठी १० आणि नवोदितांसाठी, तसेच २३०० हून कमी गुण असलेल्या अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी ४० असतो. म्हणजे १८०० गुणांच्या प्रौढ खेळाडूने २२०० गुणांच्या खेळाडूला हरवले, तर त्याला सुमारे १८ गुण मिळतात. बरोबरी साधली तर आठ. हरला तर दोनही जात नाहीत. शाळकरी खेळाडूने तोच विजय मिळवला तर त्याचे गुण ३६ हून अधिक वाढतात. उलट वरच्या खेळाडूला विजयाबद्दल जेमतेम दीड-दोन गुण मिळतात आणि हरल्यास अठरा गमवावे लागतात. असमान डावातील मानसिक ताण नेमका कोठून येतो, ते या आकड्यांवरून ध्यानात यावे. ज्याच्याकडे गमावण्यासारखे अधिक आहे, तो बलवान खेळाडू असतो.

असे डाव घडतात कसे?

निमंत्रितांच्या स्पर्धेत असमान जोड्या अपवादानेच दिसतात. त्या मोठ्या संख्येने घडवते ती स्विस पद्धत. १८९५ मध्ये झुरिच येथील स्पर्धेत ती प्रथम वापरली गेली. पहिल्या फेरीत गुणानुक्रमाच्या यादीचे दोन भाग करतात आणि वरच्या भागातील पहिल्याची गाठ खालच्या भागातील पहिल्याशी घालतात. पुढील प्रत्येक फेरीत समान गुण झालेले खेळाडू एकमेकांशी भिडतात. त्यामुळे अंतर हळूहळू कमी होत जाते.

दुर्बळ खेळाडू अशा वेळी सहसा मोहऱ्यांची अदलाबदल करून डाव सोपा करू पाहतो. या धोरणात एक धोका असतो. मोहरी कमी झाली की अंतिम टप्प्यातील तंत्राची परीक्षा सुरू होते, आणि अनुभवी खेळाडू तेथेच सर्वाधिक सरस असतो. फिशरने याच्या नेमके उलट केले. त्याने डाव गुंतागुंतीचा केला, मोहरी पटावर ठेवली आणि अशी स्थिती निर्माण केली की जिथे लौकिकापेक्षा अचूक गणनेला मोल होते. गणनेला वय नसते.

भारतीय दाखले

भारतीय वाचकाला याच जातीचे आणखी काही प्रसंग आठवतील. पंजाबातील मीर सुलतान खान हे भारतीय पद्धतीचे बुद्धिबळ खेळत वाढले. त्यात प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जात नाही. युरोपीय नियमांची ओळख उशिरा होऊनही त्यांनी १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवले. २०२४ मध्ये फिडेने त्यांना मरणोत्तर मानद ग्रॅण्डमास्टर किताब दिला.

महाराष्ट्राचा विचार करता, मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा बळाइतकाच हक्काचाही प्रश्न उभा राहिला होता. असा सहभाग घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत्या. अगदी अलीकडचे उदाहरण नागपूरच्या दिव्या देशमुखचे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक स्पर्धेत ती उतरली ती पंधराव्या मानांकनाने, आणि ग्रॅण्डमास्टर किताबाचा एकही नॉर्म हाती नसताना. दुसरे मानांकन असलेली झू जिनर, द्रोणावल्ली हरिका, माजी विश्वविजेती टॅन झोंगयी आणि अंतिम फेरीत कोनेरू हम्पी, असा तिच्या विजयांचा क्रम होता. विश्वचषकाबरोबरच ग्रॅण्डमास्टर किताबही तिला थेट मिळाला.

गुणांकन हे अनेक डावांची सरासरी सांगते, आणि त्या कामी ते विश्वसनीय आहे. समोर मांडलेल्या एका डावाबद्दल ते फक्त शक्यता वर्तवते. शंभरात नऊ गुण दुर्बळ खेळाडूच्या वाट्याला येतात, असे गणित म्हणते. ते नऊ कोणत्या दिवशी येतील, हे मात्र पटावर बसल्याखेरीज कळत नाही. बर्न-फिशर डावाच्या एकेचाळीस चाली आजही नवोदितांना शिकवल्या जातात. पट मांडून त्या एकदा क्रमाने खेळून पाहाव्यात. अकराव्या आणि सतराव्या चालीला थांबून, पुढची चाल न पाहता स्वतः विचार करावा.